पांढऱ्या चादरीचा दिवस

मित्रांनो, गच्चीच्या दाराआड, गंजत चाललेल्या खिळ्याला टांगलेली मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते की मी वैतागलेली आहे. आत्मकथा सांगणाऱ्या वस्तूने नम्र असावे, हे मला ठाऊक आहे. छत्र्या, खुर्च्या, शाळेच्या घंटा आपली कहाणी किती गोड आवाजात सांगतात! पण त्यांच्यापैकी कोणाला वर्षानुवर्षे रोज सकाळी एका वाहनतळाकडे टक लावून पाहावे लागलेले नाही. मला लागले आहे. तेव्हा माझ्या स्वरात थोडी किरकिर आढळली, तर ती पदरात घ्या.

माझा जन्म एका लहानशा कार्यशाळेत झाला. तेथे भिंगे घासणारा एक कारागीर होता. तो काचेवर हलकेच फुंकर घाली आणि ती उजेडाकडे धरून अशी न्याहाळी, जणू तिच्या आत कोणी निजले आहे आणि त्याची झोप मोडायची नाही. त्याच्या बोटांचा तो हळुवारपणा मला पुढे फार थोड्या हातांत भेटला.

कार्यशाळेतून मी काकांकडे आले. काका वणव्यांवर लक्ष ठेवणारे पहारेकरी होते. डोंगरमाथ्यावर एक लाकडी मनोरा होता आणि त्याच्या खिडकीत काका, मी आणि वारा असे तिघे बसत असू. दूरच्या दऱ्यांवर धुके असे. त्या धुक्यातून धूर वेगळा ओळखायचा, हे आमचे काम. एका उन्हाळ्यात आम्ही धुराची एक बारीक रेघ वेळेवर टिपली आणि खालची वस्ती वाचली. माणसे मनोरा चढून वर आली, त्यांनी काकांची पाठ थोपटली. काकांनी माझी पेटी थोपटली. माझ्या आयुष्यातील कौतुक एवढेच. पण ते अजून मला पुरते आहे.

काका मला पेटीत ठेवताना नेहमी म्हणत, "हिच्यातून लांबचं बघायचं. पायाखालचं बघायला देवानं आपल्याला डोळे दिलेत."

हे वाक्य ध्यानात असू द्या. ज्यांनी ते ध्यानात ठेवायला हवे होते, त्यांनी ठेवले नाही.

काका निवृत्त झाले तेव्हा शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर एक भलेमोठे थीम पार्क उभे राहत होते. आकाशपाळणा, रोलर कोस्टर, कृत्रिम धबधबे आणि या सर्वांपुढे पसरलेला, एखाद्या वाळलेल्या तळ्यासारखा वाहनतळ. काका आणि काकूंनी पार्कच्या मागच्या गल्लीत एक दुमजली घर घेतले आणि त्याचे लॉज केले. खाली जेवणघर, वर पाहुण्यांच्या खोल्या, त्यावर गच्ची. गच्चीवर पाण्याची एक करडी टाकी आणि चादरी वाळत घालायच्या तारा. पुढे काका गेले. मी पेटीत पडून राहिले. अंधारात माझ्या काचांवर धूळ नव्हे, तर एक प्रकारची उदासी साचत गेली.

मग एके दिवशी काकूंनी मला बाहेर काढले. मला वाटले, कोठे तरी धूर दिसला असावा. पण नाही. त्यांना बसगाड्या बघायच्या होत्या!

आता मी वैतागते कशाला, ते नीट ऐका. पार्कला येणारी माणसे मोठी विलक्षण. गर्दीचा प्रत्येकालाच तिटकारा; आणि तरीही ज्या दिवशी सगळे येणार, त्याच दिवशी प्रत्येक जण येणार. उठणार एकाच वेळी, भूक लागणार एकाच वेळी आणि रांगेत उभे राहून एकमेकांकडे बघत म्हणणार, "काय ही गर्दी! लोकांना कामधंदे नाहीत?" स्वतःला लोकांत धरायचे नसते, हे बहुधा त्यांना लहानपणीच कोणी शिकवून ठेवले असावे.

आणि मुक्काम निवडण्याची तऱ्हा तर काय वर्णावी! कोणी पोहण्याचा तलाव पाहून हॉटेल निवडतो आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत पार्कमध्ये राहून त्या तलावात पायाचा अंगठाही बुडवत नाही. कोणी स्वस्त म्हणून इतक्या लांब उतरतो की निम्मी सुट्टी रस्त्यावरच्या वाहनांच्या खोळंब्यात जाते. बहुतेकांना मात्र खोलीतून पार्क दिसायला हवे असते. फोन वाजला की काकूंचे उत्तर मला पाठ झाले होते.

"काकू, खोलीतून पार्क दिसतं का हो?"

"दिसतं. आणि ऐकूही येतं."

"म्हणजे?"

"म्हणजे रोलर कोस्टर वळणावर आला की गाडीभर माणसं एकदम बोंबलतात. त्यापेक्षा मागची खोली घ्या. तिथून नुसती शेजारची भिंत दिसते, पण भिंत ओरडत नाही."

"पण पार्क दिसायला हवं हो. मुलांचा हट्ट आहे."

"मुलांचा की तुमचा?"

 मग हमखास समोरचीच खोली ठरे, आणि दुसऱ्या दिवशी कानात कापूस मागायला तेच गृहस्थ जिन्याच्या तोंडाशी उभे असत.

पार्कच्या दाराशीच उंच हॉटेले होती. काकूंचे लॉज मागच्या गल्लीत, काहीसे अंग चोरून उभे असलेले. त्याच्याकडे लोकांनी का यावे? काकूंनी यावर एक युक्ती काढली. रोज सकाळी त्या मला घेऊन गच्चीवर जात आणि वाहनतळ न्याहाळत. शाळांच्या सहलींच्या बस किती, मोटारी दिव्याच्या खांबापर्यंत आल्या की झाडांच्या रांगेपर्यंत, हे पाहून त्या गर्दीचा अंदाज बांधत आणि तारेवर एक चादर वाळत घालत. पांढरी चादर म्हणजे आत्ताच निघा. निळी म्हणजे जेवा, झोपा, उन्हे कलल्यावर जा. तांबडी म्हणजे आज नको. तळ्याकाठी फिरून या. पाहुणे न्याहारीला बसण्यापूर्वी अंगणात येऊन वर मान करून बघत. अंदाज सहसा चुकत नसे. माणसे आनंदाने परतत, पुढच्या वर्षी पुन्हा येत, आपल्या भावंडांना सांगत.

मी मनातून नाराजच होते. वणव्याचा धूर हेरणाऱ्या माझ्या डोळ्यांनी आता सहलीच्या बस मोजाव्यात! पण काकूंचे घर त्यावर चालले होते, आणि त्या घरात भिंगरी होती.

भिंगरी ही काकूंची नात. तिचे आईवडील लांबच्या शहरात कारखान्यात पाळीवर काम करीत, म्हणून ती रांगत होती तेव्हापासून आजीजवळ राही. एका जागी तिचा पाय ठरत नसे, म्हणून हे नाव. फक्त मी हाती आले की ती स्तब्ध होई. वाहनतळाच्या पलीकडे, आकाशपाळण्याच्या पायथ्याशी, लहान मुलांची एक आगगाडी होती. इंजिनाला पितळी घंटा. रूळ फुलांच्या ताटव्यांमधून वळत जाणारे. गाडीच्या फाटकाशी एक लाकडी जिराफ मान वाकवून उभा होता. ज्या मुलाचे डोके त्याच्या हनुवटीखालून सहज जाई, त्यालाच आत सोडत. डोके हनुवटीला टेकले की त्या मुलाने मोठ्या खेळांकडे जायचे. भिंगरीला त्या गाडीत बसायचे होते. बाकी पार्कमध्ये काय आहे, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते.

"आजी, आपण कधी जायचं?"

"जाऊ गं. जरा गर्दी कमी होऊ दे."

"आज तर पांढरी चादर आहे!"

"पांढरी आहे म्हणूनच सगळे पाहुणे बाहेर आहेत. आजच तर खोल्या झाडून घ्यायच्या आहेत."

"मग तांबडी असेल तेव्हा जाऊ."

"तांबडीला जायला आपल्याला वेड लागलंय का?"

ही संभाषणे मी किती वेळा ऐकली, ते विचारू नका. गर्दी असली की लॉज भरलेले, काकूंना श्वास घ्यायला फुरसत नाही. गर्दी नसली की गाद्या उन्हात घालायच्या, पडदे धुवायचे. साऱ्या जगाला पार्कची वेळ सांगणाऱ्या बाईला पार्कसाठी वेळ नव्हता. मला ओरडून सांगावेसे वाटे, अहो काकू, पोर वाढते आहे! पण दुर्बिणीला तोंड नसते. तिला नुसते दोन डोळे, आणि तेही दुसऱ्याचे.

पोर खरोखरच वाढत होती. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून ती उभी राही, डोक्यावर वही आडवी धरी आणि वळून खडूने एक रेघ ओढी. काकू माझ्यातून वाहनतळ बघत त्या याच टाकीला कोपर टेकून. रेघा त्यांच्या कोपराजवळून वर वर चढत होत्या.

"टाकी घाण करू नकोस गं!" एवढेच त्या म्हणत, आणि तेही नजर न वळवता.

मग दिवस फिरले. पांढऱ्या चादरीच्या दिवशी गेलेले पाहुणे घामाघूम होऊन, तोंडे पाडून परत येऊ लागले.

"काकू, पांढरी चादर होती ना? मग एवढी माणसं कुठून आली?"

"अहो, वाहनतळ रिकामा होता. मी स्वतः पाहिलंय."

"वाहनतळ असेल रिकामा. रांगा नव्हत्या रिकाम्या."

असे वारंवार होऊ लागले, आणि काकूंनी संशय कोणावर घ्यावा? माझ्यावर! "हिचीच नजर गेली आता," असे म्हणून त्यांनी मला चष्मेवाल्याकडे नेले. त्या गृहस्थाने हाताला लागेल त्या फडक्याने माझी काच खसाखसा पुसली आणि तिच्यावर कायमचा ओरखडा उमटवला. वर म्हणतो कसा, "जुनी झाली हो, आता अशीच चालायची." मी जुनी झाले होते हे खरे, पण वाहनतळ रिकामा होता, आणि मी रिकामाच दाखवला होता. जे मला विचारले, ते मी सांगितले. न विचारलेले मी कसे सांगावे? त्या दिवशी कारागिराची फुंकर मला फार आठवली.

सुट्ट्या संपल्या. एका सकाळी काकूंनी मला डोळ्यांना लावले. वाहनतळ जवळजवळ मोकळा होता. सहलीची एकही बस नव्हती. लॉजमधली शेवटची मंडळीही आदल्या दिवशी गेली होती.

"भिंगरे!" त्यांनी जिन्यातून हाक मारली. "चपला घाल. आज आपणच जायचं!"

"खरंच?"

"आता विचारत बसू नकोस, नाहीतर माझा विचार बदलेल."

आणि मित्रांनो, निघण्यापूर्वी, सवयीने म्हणा, आनंदाच्या भरात म्हणा, काकूंनी सर्वांत मोठी, सर्वांत शुभ्र चादर झटकून तारेवर पसरली आणि तिला चिमटे लावले. पाहुणा एकही नव्हता. ती चादर जणू त्यांच्या स्वतःसाठीच होती. मग डबा भरण्यात, वेणीफणीत आणि खोल्यांना कुलपे लावण्यात चांगले दोन तास गेले. भिंगरीने मला गळ्यात अडकवले. इतक्या वर्षांत मी प्रथमच त्या पार्कमध्ये निघाले होते.

मागच्या फाटकातून आम्ही आत शिरलो, आणि पाहतो तो माणसेच माणसे! टोप्या, पिशव्या, रडणारी मुले, बाकावर बसून पाय चेपणारे वडील. छोट्या आगगाडीची रांग फुलांच्या ताटव्यांना वळसा घालून पार पाणपोईपर्यंत गेली होती. काकूंनी कपाळाला हात लावला. पुढे उभ्या असलेल्या टोपीवाल्या गृहस्थांनी मागे वळून त्यांना सहानुभूतीने विचारले, "तुम्हीपण फसलात वाटतं?"

"फसलात म्हणजे?"

"अहो, आमच्या हॉटेलचा मॅनेजर मोठा हुशार. म्हणाला, मागच्या गल्लीत एक म्हातारी आहे, तिला गर्दीचं सगळं कळतं. ती पांढरी चादर वाळत घालते, त्या दिवशी पार्क रिकामं. इकडचे सगळे हॉटेलवाले रोज सकाळी तिच्याच गच्चीकडे बघत बसतात म्हणे. चादर दिसली, की लगेच आम्हाला उठवलं. गाडी काढायचीसुद्धा गरज नाही म्हणाला, मागच्या फाटकातून चालत जा." त्यांनी टोपीने वारा घेतला. "एकदा सापडली पाहिजे ती म्हातारी!"

"सापडेल," काकू म्हणाल्या. "लांब गेली नसेल."

त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यांचा हात भिंगरीच्या खांद्यावर घट्ट आवळलेला मला दिसला. आसपासच्या साऱ्या हॉटेलांतील माणसे त्या एका चादरीवर विसंबून पायी आली होती. पायी येणारा माणूस वाहनतळात दिसत नाही. काकू रोज त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे पाहत होत्या, आणि ती डोकी बरोबर आमच्या गच्चीखालून जात होती.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकली. ऊन डोक्यावर आले, मग कलले. भिंगरीने एकदाही कुरकुर केली नाही. कुरकुर आम्हा दोघींची चालली होती, काकूंची मोठ्याने आणि माझी मुक्याने. शेवटी जिराफ आला. त्याच्याशेजारी गळ्यात शिट्टी अडकवलेली एक तरुण मुलगी उभी होती.

"ये बाळ, इथे उभी राहा."

भिंगरीने चपला काढल्या. मान आत ओढून घेतली. जरा गुडघेही वाकवले.

"गुडघे सरळ हं," शिट्टीवाली हळूच म्हणाली.

भिंगरी सरळ झाली. तिचा भांग जिराफाच्या हनुवटीला नव्हे, पार नाकाला लागला.

"आजी, हिला मोठ्या पाळण्यात न्या. ही मोठी झाली."

"अहो, मोठी कसली? आत्ता आत्ताच वाढलीय ती!" काकूंचा आवाज चढला. "गेल्या वर्षी आरामात बसली असती. विचारा तिला!"

"मग गेल्या वर्षी का नाही आणलंत?"

त्या मुलीने हे टोचून विचारले नव्हते. तिने सहज विचारले होते.  गाडीची पितळी घंटा वाजली. मी ती इतकी वर्षे पाहिली होती, पण तिचा आवाज तेव्हा प्रथम ऐकला. तो मला वाटला होता त्यापेक्षा खूपच लहान होता.

भिंगरीने चपला घातल्या. पट्टा लावायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग खाली वाकूनच ती म्हणाली, "आजी, पाळण्यात बसू या ना. तिथे तुलापण सोडतात."

आकाशपाळण्यालाही रांग होतीच. तिचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. अखेर आमचा डबा वर चढला आणि अगदी माथ्यावर येऊन थांबला. वाऱ्याने तो जरासा झुलला. मला मनोऱ्याची आठवण झाली. भिंगरीने मला डोळ्यांना लावले आणि मग काकूंच्या हाती दिले. "आजी, बघ. आपली गच्ची."

काकूंनी पाहिले. तारेवरची चादर फडफडत होती, शुभ्र, आनंदी, काही ठाऊक नसल्यासारखी. आणि तिच्याखालच्या गल्लीतून माणसांची एक ओळ अजूनही पार्ककडे चालत येत होती. काकूंनी माझ्यातून चादर पाहिली, ओळ पाहिली, पुन्हा चादर पाहिली. चादरीमागे करडी टाकी होती. तिच्यावर खडूच्या रेघा होत्या, एकीवर एक, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. एवढ्या दुरून त्या स्पष्ट दिसत होत्या. काकू त्यांच्याकडे पाहतच राहिल्या.

"ह्या रेघा कधी काढल्यास गं तू?"

"तू चादर घालायचीस तेव्हा."

"मला कसं दिसलं नाही?"

"तू बघत होतीस ना, पार्ककडे."

काकूंनी मला खाली घेतले. माझी काच ओली झाली होती, ओरखड्याच्या बाजूची. त्यांनी ती पुसली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, कारण हातातला रुमाल खरखरीत होता.

पाळण्याच्या बरोबर खाली छोटी आगगाडी फिरत होती. भिंगरीने मला तिकडे रोखले, पण इतक्या जवळचे मला नीट दिसत नाही. सगळे धूसर झाले. तिने मला बाजूला केले आणि कठड्यावरून नुसत्या डोळ्यांनी वाकून बघितले.

"आजी!" ती ओरडली. "आजी, गाडीच्या टपावर ढग रंगवलेत! प्रत्येक डब्यावर एक! आत बसलेल्यांना हे दिसतच नसेल!"

"कुठे गं? दाखव."

"अगं, तशी नको बघू, दुर्बीण ठेव खाली. हे बघ, इथे, पायाखाली!"

दोघी कठड्याला लगटून बघत राहिल्या. माझ्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. मला त्याचा राग यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी काकूंनी तिन्ही चादरी एकाच वेळी वाळत घातल्या. पांढरी, निळी आणि तांबडी. कोपऱ्यावरच्या हॉटेलचा मॅनेजर टाय सारखा करीत रस्त्यात उभा राहून बराच वेळ वर बघत होता. शेवटी न राहवून त्याने खालून विचारले, "काकू, आज काय समजायचं?"

"आज चादरी धुतल्यात, असं समजायचं."

आता फोनवर कोणी गर्दी कधी कमी असते असे विचारले, तर त्या म्हणतात, "गर्दी असतेच हो. मुलं केवढी आहेत तुमची? मग लवकर या." मला त्यांनी खिळ्याला टांगले आहे, तेही पेटीशिवाय, हे मला बिलकूल पसंत नाही. तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी एखादी दुर्बीण असेल, तर तिला पेटीत ठेवा, तिच्या काचा मऊ कापडाने पुसा, त्याआधी एक हलकी फुंकर घाला. आणि तिच्या नजरेला दोष देण्यापूर्वी आपण तिला कोठे रोखले होते, ते एकदा आठवून पाहा.

काल भिंगरी टाकीला पाठ लावून उभी राहिली. वही काकूंनी धरली, खडूही त्यांनीच ओढला. रेघ थोडी वाकडी आली आहे. मला ती येथून पुसट दिसते, अगदी पुसट, कारण ती फार जवळ आहे.